नुसत्या अक्षरांचें टपाल

एकत्र कुटुंबांतील सर्व मंडळी आतां एका छपराखालीं क्वचितच नांदतात. वडील मंडळी नगरास, एक मुलगा पुण्यास, दुसरा अमेरिकेंत, अशी आज पुष्कळ घरांची स्थिति आहे. त्यांना जोडून ठेवितात तीं पत्रें, आणि तीं आतां ई-मेलनें येतात. यंत्रें मात्र ज्याचीं त्याचीं निराळीं : नगरास विंडोज, पुण्यास लिनक्स, परदेशांत मॅक. अशा कुटुंबानें पत्रांसाठीं कोणता प्रोग्राम पसंत करावा, हा प्रश्न वरवर यांत्रिक दिसला तरी तो खरोखर घरच्या दप्तराचा प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

असें वाटण्यास कारणही आहे. सावेडी भागांतील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे, परदेशीं राहणाऱ्या मुलानें आईस लिहिलेलीं दहा वर्षांचीं पत्रें संगणकांत होतीं. ज्या प्रोग्राममध्यें तीं होतीं तो त्याच्या कंपनीनें बंद केला. पुढें यंत्र बदललें. नव्या प्रोग्रामला जुनी पेटी उघडतां येईना. आई निवर्तल्यावर मुलगा घरीं आला, तेव्हां तिनें जपलेलें एकही पत्र त्यास पाहावयास मिळालें नाहीं. पोस्टकार्डें असतीं तर ट्रंकेंत सांपडलीं असतीं.

म्हणून आमची पहिली कसोटी ही कीं, प्रोग्राम मेला तरी पत्र जगलें पाहिजे. दुसरी, तो तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर सारखाच चालला पाहिजे. केवळ अक्षरांवर चालणारे प्रोग्राम या कसोट्यांस चांगले उतरतात. ही कांहीं नवी टूम नव्हे. १९८६ सालीं आरंभलेल्या एर्नेट प्रकल्पांत मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतें. त्या काळीं ई-मेल म्हणजे नुसतीं अक्षरेंच. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वांस इंटरनेट खुलें केल्यावर विद्यार्थ्यांना जें स्वस्त खातें मिळे, त्यांतही चित्रें नसत. काळ्या पडद्यावर 'पाईन' उघडून मुलें पत्रें वाचीत.

त्या पाईनचा वारस 'आल्पाईन'. वॉशिंग्टन विद्यापीठानें तो २००७ सालीं प्रसिद्ध केला, आणि तो फुकट मिळतो. विद्यापीठानें हात काढून घेतल्यावरही, त्याची मूळ संहिता खुली असल्यामुळें, इतरांनीं काम चालू ठेविलें. तो विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो, आणि कोणती कळ दाबावी हें पडद्याच्या तळाशींच लिहिलेलें असतें. त्यामुळें साठी उलटलेल्या माणसासही तो चार दिवसांत साधतो. मायकेल एल्किन्स यांनीं १९९५ सालीं रचलेला 'मट' अधिक लवचिक खरा. पण त्याची मांडणी एका फायलींत स्वहस्तें लिहावी लागते, व विंडोजवर त्यास आधीं लिनक्सची बैठक घालून द्यावी लागते. 'ईमॅक्स' तिन्हीकडे चालतो, पण तो व्याकरणासारखा चिकाटीनें शिकावा लागतो. सर्व घरासाठीं म्हणून आम्ही आल्पाईनच सुचवूं.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. नातवंडांचीं छायाचित्रें पत्रांत दिसत नाहींत; तीं वेगळ्या प्रोग्राममध्यें उघडावीं लागतात. त्याबरोबर एक लाभही होतो. जाहिरातींच्या पत्रांत दडविलेलें सूक्ष्म चित्र, पत्र केव्हां उघडलें याची चहाडी पाठविणाऱ्यास करतें. येथें चित्रच आणलें जात नाहीं, त्यामुळें चहाडीही होत नाहीं. गूगलच्या खात्यास बाहेरच्या प्रोग्राममधून नेहमींचा परवलीचा शब्द चालत नाहीं. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा निराळा शब्द घ्यावा लागतो. हें काम घरांतील जाणत्या मुलाकडून एकदांच करून घ्यावें.

मराठीची गोष्ट विशेष जपण्याची आहे. पूर्वीं निरनिराळ्या फाँटांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हें होऊन उमटे. युनिकोड रूढ झाल्यापासून तें संकट बरेंच टळलें. तथापि काळ्या पडद्याच्या कित्येक खिडक्या आमचीं जोडाक्षरें मोडतात. म्हणून निवड करण्यापूर्वीं 'ज्ञानेश्वरी', 'वाङ्मय', 'तऱ्हा', 'दुर्दैव' हे शब्द लिहून प्रत्येक घरीं एक पत्र धाडावें. हे सर्व शब्द शुद्ध उमटले तर बाकीची फारशी चिंता नको. अक्षरें मोडलीं तर खिडकी किंवा फाँट बदलावा. पत्रांतील मूळ अक्षरें शाबूत असतात.

शेवटीं मुख्य उपाय. आल्पाईनमध्यें पत्र उघडून 'ई' ही कळ दाबली म्हणजे तें साध्या अक्षरांच्या फायलींत उतरतें; ती फाईल कोणत्याही यंत्रावर, खास प्रोग्रामशिवाय वाचतां येते. दर दिवाळीस वर्षाचीं निवडक पत्रें अशीं उतरून दोन घरीं दोन प्रती ठेवाव्या.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यांत, नेवाशास, १२९० सालीं ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती नकलून घेणारे हात अनेक, कागद अनेक. तींत शिरलेले अपपाठ १५८४ सालीं एकनाथ महाराजांनीं शोधून दूर केले. तें काम होऊं शकलें, कारण ग्रंथ अक्षरांत होता आणि कोणासही वाचतां येत होता. घरचीं पत्रें तेवढीं थोर नसतात. पण ज्या घरांत तीं पुढच्या पिढीस वाचतां येतात, तेथें आजी गेल्यावरही नातवास तिचें बोलणें ऐकूं येतें.