झिंझोटी बँडवर चढते तेव्हा

लय आणि पट्टी बदलली की गाण्याचा भाव बदलतो. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटीत बांधले. २५ ऑगस्ट १९४८ ला संविधान सभेत नेहरूंचे म्हणणे पडले, की परदेशी वाद्यवृंदांना हे गीत सोयीचे नाही. कृष्णरावांनी मुंबईत पोलीस बँडकडून ते बसवून घेतले. मींड गळ्याची, ट्रम्पेटला सुटे, ठाम स्वर लागतात. लय चढली, की आर्जव जाऊन आवेश येतो.

पट्टीचेही तसेच. पुरुषांना साधारण काळी एक सोयीची, बायकांना काळी चार. समूहात मधली धरली, की पुरुषांचे आवाज ताणतात. तो ताणच आपल्याला वीररस वाटतो!

२४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले, ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. बँडपुढे मी आयुष्यभर सावधान उभा राहिलो; डोळ्यांत पाणी मात्र संथ, एकट्या गळ्याच्या झिंझोटीनेच येते.