शिफारसपत्र मागताना संकोच कशाला?

मुलगी पदवीधर होते, पुढच्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्याचा अर्ज भरायला घेते आणि एका ओळीपाशी घोडं अडतं : ‘दोन शिक्षकांची शिफारसपत्रे जोडावीत.’ श्रीवर्धनसारख्या गावात सरांचं घर दोन आळ्या पलीकडे असतं, बाजारात रोज गाठ पडते. पण शब्द काही तोंडातून फुटत नाही. “सरांना वाटेल, वशिला लावायला आली!”

मैत्रिणींनो, वशिला वेगळा आणि शिफारस वेगळी, बरं का! न केलेल्या कामाचं फळ मागणं हा वशिला. केलेल्या कामाची साक्ष मागणं ही शिफारस. तेव्हा साक्षीदार काम पाहिलेलाच हवा. पुढाऱ्याच्या छापील कागदापेक्षा, तीन वर्षं मुलीच्या प्रयोगवह्या तपासणाऱ्या बाईंच्या चार ओळींना वजन जास्त.

मागायला मुलीनं स्वतः जावं, आईनं नव्हे. तारखेच्या निदान तीन आठवडे आधी जावं आणि विचारावं, “माझं काम तुम्ही पाहिलंय. त्यावरून चांगलं पत्र लिहिता येईल का?” असं विचारलं की नाही म्हणायलाही वाट राहते. भिडेखातर लिहिलेलं मिळमिळीत पत्र नसलेलं बरं!

होकार मिळाला की एक टिपण हाती द्यावं : गुण, केलेले प्रकल्प, अभ्यासक्रमाचं नाव, पत्र कुणाच्या नावे, कधीपर्यंत आणि कसं पाठवायचं ते.

त्यात घरची परिस्थितीही लिहावी. इथंच आपल्या मुली कचरतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती यायला कित्येक वर्षं जातात. अशा घरातली मुलगी सुपारी सोलायला हात लावून पहिल्या वर्गात आली असेल, तर ते शिष्यवृत्ती देणाऱ्यांना कळायला नको का? पण सरांना ठाऊक असेल तरच ते लिहितील ना?

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेतल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं, तेव्हा आपली तयारी नियमाप्रमाणे पुरी नसेल, हे लपवलं नाही. आप्त आणि जातभाईंचा विरोध सोसून आपण आलो, तो निर्धार जमेस धरावा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. अडचण सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे. कष्टांचा तो हिशेब असतो.

हे गृहिणींनाही लागू आहे. बालवाडीत किंवा बचत गटात काम केलं असेल, तर मुख्याध्यापिकेकडून, गटाच्या अध्यक्षांकडून पत्र जरूर मागावं.

आणि हो, निकाल लागला की तो पत्र देणाऱ्यांना आधी कळवायचा. प्रवेश मिळाला तर पेढे घेऊन, नाही मिळाला तरी आभार मानायला. पुढल्या वर्षी दुसरी एखादी मुलगी त्याच दारात उभी राहणार आहे. तिचं स्वागत कसं होईल, हे थोडंफार आपल्याही हाती असतं.