पाहिलेला पक्षी, लिहिलेली नोंद

पक्षी पाहायला जंगलातच जावं लागतं, असं नाही. परसातल्या शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो, विजेच्या तारेवर कोतवाल बसतो, ओढ्याकाठी खंड्या दिसतो. आपण पाहतो, 'छान आहे' म्हणतो आणि विसरतो. या पाहण्याचा छंद होतो तो आपण वही उघडून लिहू लागतो तेव्हा. आणि लिहिलेलं दुसऱ्या पक्षीमित्राला सांगितलं, की त्या छंदाची गोडी वाढते.

पण सांगताना एक पथ्य पाळावं लागतं. जे पाहिलं तेवढंच सांगायचं. या पथ्याचं मोल रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून कळतं.

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं एक घुबड. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांना त्याची ओळख झाली. पुढच्या काही वर्षांत त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यानं आपल्या खानदेशात मिळवले होते. १८८४ नंतर मात्र तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याच्या संग्रहातला नमुना. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव होतं. जाणकारांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि शोधाची दिशा चुकली.

१९९० च्या दशकात अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईनं तपासला. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला. संग्रहालयातून चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती! ही खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढत निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला, तोही दिवसाउजेडी. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाट, यावल, तानसा इथेही आढळला.

एका खोट्या चिठ्ठीनं वाट चुकवली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या नोंदींनी ती दाखवली. आपली वहीसुद्धा उद्या कुणाला अशीच वाट दाखवू शकेल.

मग वहीत काय लिहावं? तारीख, वेळ, गाव, झाड किंवा पाणवठा, पक्ष्यांची संख्या आणि ते काय करत होते. आकार, चोच, रंग, ठिपके जसे दिसले तसे आधी लिहावेत, पुस्तक नंतर उघडावं. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. एवढाच फरक, पण तो टिपला नाही तर ओळख चुकते. खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह घालावं, त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगू नये, ती म्हणजे घरट्याची जागा. फोटोसाठी गर्दी झाली, की पक्षी घरटं सोडून जातात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. पण त्याची वाट कशाला पाहायची? आज संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर अर्धा तास बसा. चिमणी दिसली तरी लिहा. तीही नोंदच आहे.