रानांतील मांस : त्याचें पोषण आणि पाक

चिपळुणाहून कऱ्हाडास जाणारी सडक ज्या ठिकाणीं कुंभार्ली घाट चढूं लागते, तेथें पायथ्याशीं पोफळी हें गांव वसलें आहे. कोयनेच्या पाण्यावर चालणारें वीजगृह १९६२ सालीं डोंगराच्या पोटांत सुरू झालें आणि गांवाचें नांव दूरवर गेलें. घाटमाथ्यावरचें जंगल मात्र त्याहून कितीतरी जुनें. सांबर, भेंकर, पिसोरी, रानडुक्कर ह्यांचें तें घर. अशा मुलखाच्या आसपास शिकारीच्या मांसाविषयीं दोन समजुती हमखास ऐकूं येतात. हें मांस अंगीं विलक्षण बळ आणतें, ही एक. आणि तें उष्ण असल्यामुळें अशक्त माणसास औषधासारखें लागू पडतें, ही दुसरी. शहरांतील सुशिक्षित घरींही रानाकडून आलेला एखादा डबा गुपचूप घेतला जातो, तो ह्याच समजुतींच्या भरंवशावर. तेव्हां त्यांत तथ्य किती, हें एकदां तपासून पाहणें बरें.

हरिणकुळांतील सर्वांत मोठा प्राणी म्हणजे उत्तर अमेरिका, स्वीडन, रशिया इकडील थंड रानांत राहणारा मूस. भरल्या अंगाच्या नराचें वजन पांचशें किलोच्याही वर जातें. आपलें सांबर त्या मानानें लहान. तरी मोठा नर दोनशें किलोंच्या पुढें सहज भरतो. मूसाच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात, चरबी एक ग्रॅमहूनही कमी, आणि उष्मांक शंभराच्या आसपास. इतर हरिणांच्या मांसांत प्रथिनें साधारण तेवढींच, चरबी अडीच ग्रॅमच्या घरांत व उष्मांक १२० च्या सुमारास. लोह दोहोंतही तीन मिलिग्रॅमच्या जवळपास सांपडतें. हे आंकडे उत्तम आहेत, ह्यांत शंका नाहीं. परंतु आपल्या बाजारांत मिळणाऱ्या बोकडाच्या मांसाचे आंकडे त्यांच्याशेजारीं ठेवले म्हणजे मौज दिसते. तेथें प्रथिनें साडेवीस ग्रॅम, चरबी सव्वादोन ग्रॅमच्या जवळ, उष्मांक सुमारें ११०, आणि लोहही पावणेतीन मिलिग्रॅम! विलायती पुस्तकांत शिकारीच्या मांसाची थोरवी गायिलेली असते, ती गाई-मेंढ्यांच्या चरबीनें भरलेल्या मांसाशीं तुलना करून. ज्याच्या घरीं बोकडाचें मांस शिजतें, त्याला ती तुलना लागू नाहीं.

शिवाय, अतिरूक्षपणा हा सर्वस्वीं गुणच असतो असेंही नव्हे. कानडा व अलास्का येथील हिमप्रदेशांत नुसत्या सशाच्या मांसावर दिवस काढण्याची पाळी आलेल्या माणसांना अतिसार व कमालीची अशक्तता येते, पोट भरलें तरी भूक शमत नाहीं, असें उत्तरध्रुवाकडील प्रवासी स्टेफान्सन यानें नमूद करून ठेविलें आहे. चरबी वा पिष्ट पदार्थ ह्यांची जोड नसतां केवळ प्रथिनांवर शरीर चालत नाहीं. म्हणूनच तिकडील लोक हाडांतील मगज आणि चरबी ह्यांना मांसाहून अधिक जपतात. मूसाचें नाक शिजवून त्याची थिजविलेली वडी करणें हा कानडांत मानाचा पदार्थ समजला जातो. आपल्याकडे तो ऐकूनच पुष्कळांची भूक मरावी. त्याच प्राण्याचें यकृत व मूत्रपिंडें मात्र बेतानें खावींत, असा इशारा तिकडील आरोग्यखातीं देतात. कारण त्यांत कॅडमियम नांवाचा विषारी धातु सांचतो.

आपल्या पूर्वजांनीं ह्या विषयाचा विचार केला नव्हता असें नाहीं. चरकसंहितेंत हरणांचें मांस जांगल, म्हणजे हलकें, ह्या वर्गांत घातलें आहे, तर डुकराचें आनूप, म्हणजे जड, वर्गांत. पण त्याच ग्रंथांत बोकडाच्या मांसाविषयीं असा अभिप्राय आहे कीं, तें फार शीत, जड किंवा स्निग्ध नसून मनुष्यशरीराच्या धातूंशीं मिळतेंजुळतें व पुष्टिकारक असतें. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें मानसोल्लासांत राजाच्या मुदपाकखान्याचें सविस्तर वर्णन केलें. डुकरावर पांढरें कापड घालून कढत पाणी ओतावें म्हणजे केंस सुटतात, ही युक्ति त्यांत आहे. यकृताचे सुपारीएवढे तुकडे करून निखाऱ्यावर भाजावे, असेंही सांगितलें आहे. पोफळी म्हणजे सुपारीचेंच झाड. तेव्हां त्या गांवच्या माणसाला हें माप समजावून सांगावें लागणार नाहीं.

पाकाचें मर्म रूक्षपणांतच आहे. रानांत धांवणाऱ्या जनावराचे स्नायु घट्ट आणि त्यांना बांधणारे तंतु चिवट असतात. प्रखर आंचेवर असें मांस आक्रसून चामड्यासारखें होतें. मंद आंचेवर, पाण्यांत, दोन-अडीच तास ठेवलें म्हणजे तेच तंतु विरघळून सरसासारखे होतात व रस्सा दाट येतो. थंड देशांत मांस कांहीं दिवस टांगून मऊ पडूं देतात. कोंकणच्या दमट उष्म्यांत तें करूं जाणें म्हणजे कुजण्याला आमंत्रण. येथें त्याचें काम कच्ची पपई आणि दहीं करतात. पपईच्या चिकांतील द्रव्य प्रथिनें तोडतें. मात्र तें बेतानें घालावें, नाहीं तर बाहेरून लगदा होऊन आंत मांस तसेंच राहतें. चरबीची उणीव नारळ भरून काढतो.

आतां त्या गुपचूप आलेल्या डब्याविषयीं. रानडुकराच्या मांसांत सूक्ष्म कृमि असूं शकतात. अर्धवट शिजलेलें मांस पोटांत गेल्यास ते माणसाच्या स्नायूंत ठाण मांडतात. ठासणीच्या बंदुकीचे शिशाचे छरे मांसांत फुटून त्यांचे बारीक कण दूरवर पसरतात, आणि शिसें हें लहान मुलांच्या मेंदूस व गर्भवतीच्या पोटांतील जीवास अपायकारक आहे. म्हणजे ज्या अशक्तांसाठीं तो डबा मागविला, त्यांनाच त्याचा धोका अधिक! कायद्याची गोष्ट निराळीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सांबर मारणें हा गुन्हा ठरतो, आणि त्याचें मांस घरीं बाळगणाराही त्यांतून सुटत नाहीं. २०२२ च्या दुरुस्तीनें सांबराला पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, अनुसूचींत स्थान मिळालें. कोयनेचें रान १९८५ सालीं अभयारण्य झालें व २०१० पासून तें सह्याद्री व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. तेथील वाघाचें मुख्य भक्ष्यच मुळीं सांबर. माणसानें वांटा मागितला तर त्यानें खावें काय?

शिकारीची चव हवी असेल तर ती बहुतांशीं शिजविण्यांत असते. गांवठी बोकडाचे पुढच्या पायाचे तुकडे हाडांसह घ्यावे. आलें, लसूण, हळद, मीठ आणि चमचाभर वाटलेली कच्ची पपई लावून तासभर ठेवावे. जाड बुडाच्या भांड्यांत थोड्या तेलावर कांदा परतून मांस घालावें, वर झांकणांत पाणी ठेवून अगदीं मंद आंचेवर शिजूं द्यावें. कांदा व सुकें खोबरें निखाऱ्यावर काळसर भाजून, धणे, मिरीं, लवंगा ह्यांसह वाटावें व मांस मऊ झाल्यावर घालावें. कोकमें सर्वांत शेवटीं. आधीं आंबट पडलें तर शिजण्यास उशीर लागतो. तांदळाची भाकरी शेजारीं असावी, आणि रस्सा कढत असतांनाच वाढावा. निवला कीं चरबी थिजून टाळ्याला चिकटते.