सरासरी आणि माणूस

भूगोलाच्या पुस्तकात ‘लोकसंख्येची घनता’ असते आणि गणिताच्या पुस्तकात ‘सरासरी’. एकीची व्याख्या पाठ करायची, दुसरीची उदाहरणे सोडवायची. दोन्ही मुळात एकच भागाकार आहेत, हे मात्र बहुतेक मुलांना कुणी सांगत नाही. एकूण माणसे भागिले एकूण चौरस किलोमीटर म्हणजे घनता; जमिनीच्या प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला सरासरीने आलेली माणसे!

डोंबिवलीकराला घनता काय शिकवायची, असे कुणी म्हणेल. सकाळच्या जलद लोकलमध्ये शिरताना ती त्याच्या बरगड्यांना कळलेलीच असते. पण ती झाली त्या डब्याची घनता. जिल्ह्याची घनता ही निराळी गोष्ट आहे.

२०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८, क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर. भागाकार करा, उत्तर येते १,१५७. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. पण हे उत्तर नक्की कोणाचे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. त्याच जनगणनेचे आकडे आता दोन भागांत मांडून पाहा. ठाण्यात ८० लाख ७० हजार माणसे आणि ४,२१४ चौरस किलोमीटर. घनता सुमारे १,९१५. पालघरमध्ये २९ लाख ९० हजार माणसे आणि ५,३४४ चौरस किलोमीटर. घनता सुमारे ५६०. एकही माणूस जागचा हलला नाही, तरी १,१५७ हा आकडा दोन्हीकडून नाहीसा झाला!

बँकेत असताना नव्याने आलेल्या कारकुनांना मी एक हिशेब घालत असे. दहा खाती आहेत. नऊ खात्यांत हजार-हजार रुपये, दहाव्यात एक्क्याण्णव हजार. सरासरी शिल्लक दहा हजार. आता दहा हजार शिल्लक असलेला खातेदार दाखवा! तो सापडत नाही. रकमा चढत्या क्रमाने मांडल्या, तर मधोमध येतो तो हजार रुपयांचा आकडा. गणिताच्या पुस्तकात त्याला ‘मध्यक’ म्हणतात. शाखेचा खरा खातेदार कसा आहे, हे इथे मध्यकच सांगतो. सरासरी खोटे बोलत नाही. फक्त विचारले तेवढेच सांगते.

जुन्या ठाणे जिल्ह्यात ठाणे-कल्याणची दाटी होती आणि मोखाडा-जव्हारचे डोंगरातले पाडेही होते. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत यायचे, तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास होता. त्याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. शहरांसकट काढलेल्या जिल्ह्याच्या सरासरीत असे पाडे दिसत नाहीत. तिथवर माणसालाच चालत जावे लागते.

विभाजनाने प्रश्न मिटला, असेही नाही. पालघरच्या तीस लाखांपैकी बारा लाखांहून अधिक माणसे एकट्या वसई-विरार शहरात होती. म्हणजे ५६० हा आकडाही विक्रमगड-मोखाड्याचा नव्हेच. इकडे ठाण्यात, मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. पण त्याच तालुक्यातले कित्येक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा जिल्ह्यात माणशी सरासरी किती लिटर पाणी, हा हिशेब काढून त्या पाड्यावरच्या बाईचा हंडा भरत नाही.

२०२१ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढची झाली की नवे आकडे येतील, वर्तमानपत्रांत ठळक टाइपात छापले जातील. त्या दिवशी घरातल्या मुलाला दोन्ही पुस्तके एकत्र घेऊन बसवावे. जिल्ह्याची घनता त्याला काढू द्यावी. मग नकाशा पुढे ठेवून कल्याण, मुरबाड, शहापूर या एकेका तालुक्याची काढायला सांगावी. आकडे इतके वेगळे का, हा प्रश्न तो आपण होऊन विचारील. त्याचे उत्तर शोधायला मात्र आई-वडिलांनी त्याच्या शेजारी बसायला हवे.