लॅपटॉप ‘रीसेट’ करण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप फारच संथ चालू लागला. वडिलांनी हप्त्याने घेऊन दिलेला. दुरुस्तीवाल्याने विचारले, “सगळे पहिल्यासारखे करून देऊ का?” ती हो म्हणाली. लॅपटॉप परत आला तो अगदी नव्यासारखा. आत काहीच नव्हते. प्रकल्पाचा अहवाल तिने पुन्हा लिहून काढला. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र पुन्हा स्कॅन करता आले, कारण मूळ कागद घरच्या पेटीत होते. पण वारलेल्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या फक्त त्या लॅपटॉपमध्ये होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

आज आपल्या घराघरांत मुलांच्या शिक्षणासाठी लॅपटॉप आले आहेत. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी असे आम्हांस वाटते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी असे गेले की ‘रीसेट’ची सोय दिसते. तेथे दोन पर्याय येतात. ‘कीप माय फाइल्स’ घेतल्यास आपले फोटो व कागदपत्रे राहतात. मात्र आपण बाहेरून टाकलेले प्रोग्राम आणि केलेली मांडणी निघून जाते. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेतल्यास आपल्या फाइलीही जातात. कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेल्या स्वतंत्र सोयीने ‘फॅक्टरी सेटिंग’ केले, तर बहुधा सगळेच पुसले जाते. म्हणून दुरुस्तीला देताना “फाइली ठेवायच्या आहेत” असे स्पष्ट सांगावे. पण तेवढ्यावरही विसंबू नये. मध्येच वीज गेली किंवा डिस्कच खराब निघाली, तर कोणताही पर्याय कामास येत नाही.

खरे संरक्षण एकच : लॅपटॉपच्या बाहेर दुसरी प्रत. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डाउनलोड्स हे पाचही फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावेत. फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की त्याला किती जागा लागेल ते कळते. पुष्कळजण फाइली ‘डी’ ड्राइव्हवर टाकून निश्चिंत होतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, हे ध्यानात ठेवावे. प्रत उतरवल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. नुसती नावे दिसली म्हणजे फाइल उघडेलच असे नाही.

आम्ही कारकुनी करणारे. म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, संस्थेचे हिशेब, सभेची इतिवृत्ते रीसेटनंतर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. फाइल शाबूत असते, फॉन्ट गेलेला असतो. तेव्हा फॉन्ट आणि हिशेबाच्या प्रोग्राममधील माहितीची प्रतही वेगळी काढावी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून ती वही कपाटात ठेवावी.

काही लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असते. रीसेटच्या वेळी ते ४८ आकडी किल्ली मागू शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू होत असेल, तर ही किल्ली बहुधा त्या खात्यात सापडते. ती आधीच कागदावर लिहून घ्यावी. रीसेट चालू असताना चार्जर लावलेला ठेवावा.

लॅपटॉप विकायचा असेल, तर उलट काळजी घ्यावी. प्रत काढून झाल्यावर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून त्यातील ‘क्लीन डेटा’ चालू करावे. नाहीतर पुसलेली कागदपत्रे परक्या माणसाला पुन्हा बाहेर काढता येऊ शकतात.

आणि चुकून फाइली गेल्याच, तर त्या लॅपटॉपवर नवे काहीही न टाकता तो तसाच बंद करून जाणकाराकडे न्यावा. काही परत मिळण्याची थोडी आशा राहते, खात्री नाही.

येत्या रविवारी सर्वांनी घरी मिळून एवढे एक काम करावे. आजी-आजोबांचे आवाज आणि लेकरांची प्रमाणपत्रे आधी लॅपटॉपबाहेर ठेवावीत. मग रीसेट खुशाल करावे.