घाटमाथ्यावरचा रोजगार : इगतपुरी, १८६५ ते २०२५

इगतपुरीत कायमची, बढतीची नोकरी पहिल्यांदा आली ती रेल्वेबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला केला. कसाऱ्याहून वर येताना ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, म्हणून गाडीला मागून जादा इंजिने लावतात. रेल्वेच्या बोलीत ते ‘बँकर’. घाट संपला की इगतपुरीत ते सुटतात. या गरजेपोटी इथे इंजिनांची शेड, रनिंग रूम, दवाखाना आणि क्वार्टर्सच्या रांगा उभ्या राहिल्या. वाफेच्या काळात इंजिन पुसणारा क्लीनर पुढे फायरमन होई आणि फायरमनचा ड्रायव्हर. ब्रिटिश अमलात वरच्या जागा बहुतांशी युरोपियन व अँग्लो-इंडियनांकडे असत, हे खरे. तरीही भरती, शिक्षण, बढती आणि म्हातारपणाची तरतूद एकाच ठिकाणी मिळणारी ही नोकरी होती. तालुक्यात नंतर आलेल्या प्रत्येक योजनेची तुलना या नोकरीशीच करावी लागते.

रुळांपासून दोन-चार कोसांवर मात्र वेगळे जग होते. ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांमध्ये भात, नागली, वरई यांवर वर्षाचा काही भागच निघे. आवणी (भाताची लावणी) उरकली, पुढे कापणी झाली, की हाताला काम नसे. वीटभट्टी किंवा बागाईतदाराच्या मळ्याची वाट धरावी लागे, तीही बहुधा आधी उचल घेऊन. त्यात धरणे आली. दारणा १९१६ मध्ये पूर्ण झाले, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये. पुढे मुकणे, भावली, भाम यांची भर पडली. दारणेचे पाणी गोदावरीच्या कालव्यांतून खाली कोपरगाव-राहात्याकडे गेले, वैतरणेचे मुंबईकडे. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्यासाठी राज्याने प्रकल्पग्रस्त दाखला आणि सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले. पण आरक्षणाला किंमत येते ती जागा निघत असतील तरच. सरकारी भरती आटली तसे ते दाखले पेटीतच राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनाने रोजगाराचे तीन वेगळे रस्ते आखले. पहिला नोंदणीचा आणि प्रशिक्षणाचा. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणे मालकांवर बंधनकारक झाले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. दुसरा रस्ता कारखान्यांचा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची सामूहिक योजना लागू झाली. तिसरा रस्ता मजुरीच्या हमीचा, आणि त्याचे श्रेय निर्विवादपणे महाराष्ट्राचे.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. गावातल्या मजुराच्या हक्कासाठी शहराने कर भरायचा, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. किमान ५० मजुरांनी मागणी केली की काम काढायचे, १५ दिवसांत ते दिले नाही तर बेकार भत्ता. भत्ता होता दिवसाला निदान १ रुपया. स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच. कामावर हजेरीपट भरला जाई आणि खोदलेल्या चौकड्या टेपने मोजून दाम ठरे. कातळ लागला तर दिवसभर राबूनही माप भरत नसे. इगतपुरीसारख्या अतिपावसाच्या भागात पावसाळ्यात मातीकाम बंद पडते, आणि घरातले धान्यही नेमके त्याच महिन्यांत संपलेले असते. हमीने उपासमार रोखली. पण दहा हंगाम माती उचललेला मजूर अकराव्या हंगामातही मातीच उचलत होता. गवंडी किंवा मोजणीदार होण्याची वाट त्या कायद्यात नव्हती.

कारखान्यांचा रस्ता तालुक्यात आला तो मुंबई-आग्रा महामार्गाने. इगतपुरीत महिंद्रचा इंजिन कारखाना, खाली गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यात प्रवासी बॅगांपासून वाहनांच्या सुट्या भागांपर्यंतचे उत्पादन, मुंढेगावला पॉलिफिल्म. सवलती घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के स्थानिक घेण्याची अट आहे, पण अटीतला ‘स्थानिक’ म्हणजे राज्यातला रहिवासी. शिवाय किती माणसे घेतली हे मोजले जाते, ती कायम की ठेकेदाराची हा प्रश्न वेगळाच राहतो. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होऊनही, एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या पगारपत्रकात मोठा फरक असू शकतो. सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून गंभीर. १ जानेवारी २०२३ रोजी मुंढेगावच्या पॉलिफिल्म कारखान्यात भीषण आग लागून कामगारांचे बळी गेले.

याच काळात रेल्वेचा आधारही आक्रसला. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी आणि भुसावळकडून २५ हजार व्होल्ट एसी असा विजेचा फरक असल्याने गाड्यांची इंजिने इगतपुरीत बदलली जात. २००६ च्या सुमारास घाटातही एसी आली आणि ती अदलाबदल थांबली. बँकर मात्र आजही लागतात.

२०१५ मध्ये राज्याने कौशल्य विकासाचा स्वतंत्र विभाग केला आणि प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान सुरू केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचे उद्घाटन झाले. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन आणि ६ महिन्यांचे काम ठरले. मुदत पुढे ५ महिन्यांनी वाढली, तेव्हा कायम करण्याची मागणी घेऊन हे प्रशिक्षणार्थी राज्यभर आंदोलनात उतरले. त्यांची मागणी न्याय्यच होती: अनुभव मिळाला, पण तो घेऊन रुजू होण्याची जागा योजनेत नव्हती.

या सगळ्या रस्त्यांच्या बाहेर कोण राहिले, हे सप्टेंबर २०२२ मध्ये उभाडे गावच्या कातकरी वस्तीने दाखवले. किरकोळ रक्कम आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात वस्तीतली मुले नगर जिल्ह्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेली होती. त्यांतली सुमारे दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली, तेव्हा प्रकरण उघडकीस आले. श्रमजीवी संघटनेने पाठपुरावा केला, वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. तो कायदा १९७६ चा. इगतपुरी-घोटीपासून थोड्याच अंतरावर, हमी कायद्याच्या राज्यात, कारखान्यांच्या पट्ट्यालगत हे घडले. रोजगार हमीच्या कामाची मागणी नमुना ४ वर करावी लागते, त्याआधी जॉबकार्ड लागते, मजुरीसाठी बँक खाते लागते. ज्या वस्तीत रेशनकार्डाचीच मारामार, तिथे हे कागद उचल देणाऱ्याच्या रोख पैशांपुढे हरतात.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याजवळच्या जुळ्या बोगद्यांमुळे घाट काही मिनिटांचा झाला. जमिनी थेट खरेदीने चांगल्या दराने घेतल्या गेल्या, पण तो मोबदला मालकाचा. त्याच शेतात आवणीला येणाऱ्या भूमिहीन मजुराला त्यात वाटा नव्हता. आता गोदामे, हॉटेले, रिसॉर्ट यांची चढाओढ आहे. त्यांना लागणारे फोर्कलिफ्ट चालक, वातानुकूलन तंत्रज्ञ, स्वयंपाकी इथल्या आश्रमशाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून घडवायचे, तर आयटीआयचे अभ्यासक्रम, शिकाऊ उमेदवारीच्या जागा आणि सवलतींच्या अटी एकाच तालुका आराखड्यात बसवाव्या लागतील. आज पहिल्या दोन बाबी कौशल्य विभागाकडे, सवलती उद्योग विभागाकडे, रोजगार हमी तिसऱ्या विभागाकडे आणि आश्रमशाळा आदिवासी विकासाकडे आहेत.